बोअर वाढवला, पण पेट्रोलचं काय?

कोडोलीहून बोलतोय. आज विषय माझ्या जुन्या एस्टीमचा.

तिचा बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५, म्हणजे १२९८ सीसी. बोअर ७५ केला, तर झाले १३३४. फक्त ३६ सीसी! मग हेड घासून कॉम्प्रेशन अकराच्या घरात नेलं. तिथंच घोळ झाला. पन्हाळ्याच्या चढाला टकटक यायला लागली. मी म्हटलं, टॅपेट असतील. ते नॉकिंग होतं. महिन्याभरात रिंगजवळ पिस्टनची कड फुटली.

शिकलो ते सांगतो. जास्त ऑक्टेन ताकद देत नाही. दाब वाढला तरी पेट्रोल आपोआप पेटत नाही, एवढाच त्याचा फायदा. ताकद येते कॉम्प्रेशन आणि टायमिंगमधून. साध्या इंजिनात शंभर ऑक्टेन म्हणजे पैसे पाण्यात.

आता आपल्या ऊसपट्ट्यातलं इथेनॉल. ऑक्टेन शंभराच्या वर, सिलिंडर थंडही ठेवतं. पण एक किलो पेट्रोलला साडेचौदा किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त सोडावं लागतं. इंजेक्टर जुनेच ठेवून त्याचं प्रमाण वाढवलं, तर मिक्श्चर लीन होतं आणि पिस्टन तापतो. शिवाय ते पाणी ओढतं, जुने रबरी पाइप खराब करतं.

म्हणून आधी आपल्या पंपावर रोज काय मिळतं ते बघा, मग कॉम्प्रेशन ठरवा. आणि टकटक ऐकू आली की रेसवरचा पाय उचला. मी पिस्टनचा सेट दोनदा घेतला. तुम्ही एकातच भागवा!