रंगाला पाण्यात विरघळविणारे आम्ल

सुरतेहून मुंबईकडे येताना पलसाणा तालुका लागतो. तेथे व कडोदऱ्याच्या आसपास कापड रंगविण्याचे आणि छापण्याचे कारखाने आहेत. पोटासाठी खानदेशातून सुरतेस गेलेली कित्येक माणसे याच धंद्यावर जगतात. रंगांच्या या दुनियेतील एका पांढुरक्या भुकटीची ओळख आज करून द्यावयाची आहे. तिचे नाव सल्फॅनिलिक आम्ल.

ॲनिलिन हे तेलकट, विषारी द्रव्य. ते गंधकाम्लाबरोबर सुमारे १८० ते १९० अंशांवर काही तास भाजले की हे आम्ल तयार होते. याचा स्वभाव मोठा चमत्कारिक. याच्या एका टोकास आम्लधर्मी सल्फॉनिक गट, तर दुसऱ्या टोकास अल्कधर्मी अमिनो गट. घरातले भांडण घरातच मिटावे, तसे ते दोघे एकमेकांस शमवितात. म्हणून थंड पाण्यात ते जेमतेम विरघळते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात मात्र चटकन विरघळते. तापविले तर वितळत नाही, करपते.

बर्फात थंड ठेवून त्यावर सोडियम नायट्राइट व हायड्रोक्लोरिक आम्ल यांची क्रिया केली, म्हणजे डायझो संयुग मिळते. पीटर ग्रीस याने १८५८ साली ही संयुगे प्रथम दाखविली. बर्फात कंजुषी केली की नत्रवायूचे बुडबुडे निघून सारी मेहनत वाया जाते. आणि ते संयुग कोरडे होऊ दिले तर स्फोटाचे भय! बीटा-नॅफ्थॉलशी त्याची सांगड घातली की लोकर-रेशमाचा नारिंगी रंग होतो. डायमिथिल ॲनिलिनशी घातली, की शाळेच्या प्रयोगशाळेतील मिथिल ऑरेंज.

गंमत अशी की, सुरतेकडील पॉलिएस्टरला हे रंग चालत नाहीत. तो धागा पाण्याला जवळ करीत नाही. त्याच्या रंगांत सल्फॉनिक गट नसतो. पण ते न विरघळणारे रंग पाण्यात सारखे पसरावेत म्हणून नॅफ्थॅलिन सल्फॉनिक आम्ल व फॉर्माल्डिहाइड यांपासून केलेले द्रव्य घालतात. पुढील दाराने नाही तर मागील दाराने, हा गट तेथे हजर!

मात्र जो गुण रंगाला पाण्यात विरघळवितो, तोच सांडपाण्यातून त्याला सहज निघू देत नाही. जिवाणूंनाही ही संयुगे लवकर पचत नाहीत. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावी १९८८ च्या सुमारास एच-आम्ल, म्हणजे याच कुळातील नॅफ्थॅलिनचे सल्फॉनिक आम्ल, तयार होत असे. त्याच्या मळीने विहिरींचे पाणी रंगले. प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. तोवर ते उत्पादन बंद पडून वर्षे लोटली होती. विहिरींतील रंग मात्र गेला नव्हता.