मुलींच्या वाट्याचे मैदान
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास सर्वांसाठी असतो. परंतु त्या तासाला मैदानावर जाऊन पाहिले, तर पुष्कळ ठिकाणी चेंडूमागे मुले धावत असतात आणि मुली कडेला उभ्या असतात. कारण विचारल्यास उत्तर मिळते, “मुलींना आवडच नाही.” हे उत्तर कितपत खरे मानावे, याचा विचार आज आपण दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशाच्या उदाहरणावरून करू.

फुटबॉल हा ब्राझीलच्या लोकांचा जीव की प्राण. १९४० साली तेथे रिओ द जानेरो शहरातील स्त्रियांचे संघ जाहीर सामने खेळत होते. ते पाहून एका गृहस्थाने राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिले, की या खेळामुळे भावी मातांच्या प्रकृतीस अपाय होईल. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९४१ साली, सरकारने हुकूम काढला, की स्त्रीप्रकृतीशी विसंगत असे खेळ स्त्रियांनी खेळू नयेत. १९६५ साली निषिद्ध खेळांची यादीच प्रसिद्ध झाली आणि तीत फुटबॉलचे नाव स्पष्टपणे घातले गेले. ही बंदी उठावयास १९७९ साल उजाडावे लागले. याच ३८ वर्षांत त्या देशाच्या पुरुषांनी १९५८, १९६२ व १९७० असा तीन वेळा विश्वचषक जिंकला. स्त्रियांना मात्र तोच चेंडू वर्ज्य होता.

येथे एक प्रश्न सहजच मनात येतो. स्त्रियांना आवड नव्हती, तर बंदी घालण्याचे कारणच काय होते? जे कोणी करीत नाही, त्याला मनाई करावी लागत नाही.

बंदीने आवड मेली नाही. बाहिया प्रांतातील सिसी नावाच्या मुलीला चेंडू मिळत नसे, म्हणून ती बाहुल्यांची डोकी काढून त्यांचाच चेंडू करी. हीच मुलगी पुढे राष्ट्रीय संघात आली आणि १९९९ च्या विश्वचषक स्पर्धेत ७ गोल करून, सर्वाधिक गोल करणाऱ्या दोघींपैकी एक ठरली. त्याच प्रांतातील साल्वादोर शहरात १९७८ साली, बंदी चालू असतानाच, आणखी एक मुलगी जन्मली. ती खेळते हे तिच्या भावांनाही रुचत नसे. न थकता, स्वतःपेक्षा संघासाठी राबणारी म्हणून तिला लोक ‘फोर्मिगा’, म्हणजे मुंगी, म्हणू लागले. १९९५ पासून २०१९ पर्यंत ती ७ विश्वचषक स्पर्धा खेळली. शिवाय १९९६ पासून टोकिओपर्यंतची ७ ऑलिंपिकेही तिने खेळली. २००४ व २००८ च्या ऑलिंपिकमध्ये ब्राझीलच्या संघाला रौप्यपदक मिळाले, त्या दोन्ही संघांत ती होती.

तिच्यानंतर मार्टाचे नाव घ्यावयास हवे. १९८६ साली एका लहानशा गावी जन्मलेली ही मुलगी रस्त्यावर मुलांबरोबर खेळत शिकली आणि १४ व्या वर्षी बसने तीन दिवसांचा प्रवास करून रिओस गेली. विश्वचषक स्पर्धांत तिने १७ गोल केले. २०२३ च्या स्पर्धेपर्यंत, स्त्री वा पुरुष, इतके गोल कोणाच्याही नावावर नव्हते.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. इतक्या गुणी खेळाडू असूनही २०२३ पर्यंतच्या कोणत्याही स्पर्धेत या संघाला विश्वचषक लाभला नाही. २००७ साली तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला व जर्मनीकडून हरला. ज्या दोन पिढ्यांनी धाकट्यांना शिकवावयाचे, त्यांनाच मैदानाबाहेर ठेवले होते. बंदी एका दिवसात उठते. परंतु गेलेली वर्षे भरून निघावयास फार काळ लागतो. २०२७ ची स्त्रियांची विश्वचषक स्पर्धा ब्राझीलमध्ये भरविण्याचे २०२४ साली ठरले, हे त्या दृष्टीने विशेष समाधानाचे आहे.

आपल्या देशात मुलींच्या खेळण्यावर असा कायदा नाही. २०२२ साली १७ वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा भारतातच झाली व तिचा अंतिम सामना नवी मुंबईत खेळला गेला. त्या स्पर्धेत भुवनेश्वर येथे ब्राझीलच्या मुलींनी आपल्या मुलींचा ५–० असा पराभव केला. आपल्या मुलींनी हिंमत सोडली नाही. परंतु ज्या वयात पायाला चेंडूची ओळख व्हावयाची, ते वय प्राथमिक शाळेचे आहे आणि ते आपल्या हाती आहे.

यासाठी मोठा खर्च नको. खेळाच्या तासाला मुलींना झाडलोट वा पाणी भरण्याची कामे सांगू नयेत. चेंडू एकच असेल, तर आठवड्यातील काही दिवस तो प्रथम मुलींच्या हाती द्यावा. प्रारंभी त्या लाजतील, चेंडू भलतीकडेच जाईल, मुले हसतील. त्या वेळी शिक्षकाने स्वतः मैदानात उभे राहावे. महिनाभर असे केल्यावर मग खुशाल ठरवावे, की आवड आहे किंवा नाही. संधी दिल्यावाचून हा निकाल देण्याचा अधिकार आपणांस नाही, एवढेच माझे नम्र सांगणे आहे.