खाड्याची किंमत आणि कर्करोगाची तपासणी

(नाहूर येथील महिला मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सकाळी सातच्या सुमारास नाहूर स्थानकाच्या परिसरात उभे राहिले, तर बायकांचे लहानलहान जथे लगबगीने नव्या इमारतींकडे जाताना दिसतात. कोणी धुणेभांडी करते, कोणी पोळ्या लाटते, कोणी म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते. भांडुप-मुलुंडच्या या पट्ट्यात, लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना, एके काळी कारखान्यांचे भोंगे वाजत असत. त्यांतील बहुतेक जागांवर आता वीस-तीस मजल्यांचे मनोरे उभे आहेत. कारखान्यातला कामगार आजारी पडला, तर त्याच्यापाशी कामगार विमा योजनेचे कार्ड असे, मुलुंडचे विमा रुग्णालय असे आणि आजारपणाच्या रजेत वेतनाचा काही भाग हाती पडे. त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यात राबणाऱ्या त्याच्या सुनेपाशी यांतले काहीही नाही. एका घरात एकटीच काम करणारी बाई कायद्याच्या लेखी ‘आस्थापना’ होत नाही. ती आली नाही तर तिचा ‘खाडा’ होतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. औद्योगिक प्रगतीच्या चर्चेत ही पीछेहाट सहसा कोणी मोजत नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विचार या खाड्यापासूनच सुरू करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. हे मृत्यू अटळ असते, तर दुःख करण्यापलीकडे काही उरले नसते. परंतु कर्करोगांच्या कुळात हा एक असा आहे की जो सावकाश येतो. मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, हे त्याचे कारण. हॅराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला या शोधासाठी २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचा संसर्ग बहुतेक स्त्रियांना आयुष्यात केव्हातरी होतो आणि बहुतेकींच्या बाबतीत वर्षा-दोन वर्षांत शरीरच त्याला हुसकावून लावते. काही थोड्याजणींमध्ये तो ठाण मांडतो आणि पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग उद्भवतो. एवढी दीर्घ मुदत निसर्गाने दिलेली असताना रोग शेवटच्या टप्प्यात सापडतो. निसर्गाला दोष देण्यात अर्थ नाही, दोष व्यवस्थेचाच.

व्यवस्था किती अपुरी आहे याचा हिशेब सरकारी पाहणीतच मिळतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी होते. तीस वर्षांवरील स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करावी, अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ पासून अस्तित्वात होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

बायका तपासणीला येत नाहीत, त्या लाजतात, त्या अडाणी आहेत, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. लाज असतेच. टेबलावर पाय फाकवून निजायचे, अनोळखी माणसाने आत उपकरण घालायचे, हे कोणत्या बाईला सुखाचे वाटेल? पण लाजेच्या जोडीला दुसरेही एक गणित असते. नळाला पाणी येण्याची वेळ, मुलांची शाळा, चार घरची कामे आणि दवाखान्याची ओपीडी या साऱ्यांची वेळ एकच, सकाळची. तपासणी ‘मोफत’ असली तरी जाण्याचा एक खाडा, निकाल आणण्याचा दुसरा, डॉक्टरांनी पुन्हा बोलावले तर तिसरा. ज्याला अर्थशास्त्र संधी-खर्च म्हणते, तो या बाईने पाठ्यपुस्तक न वाचता बिनचूक मांडलेला असतो. दुखत-खुपत काही नसताना तीन दिवसांची कमाई सोडायची कशासाठी? अशा बाईला अडाणी ठरवणाऱ्यांनी आधी तिचा जमाखर्च पाहावा.

या गणितातला पहिला आकडा आता बदलता येण्यासारखा आहे. एचपीव्हीच्या तपासणीसाठी लागणारा नमुना बाईला स्वतःच घेता येतो. कापसाचा बोळा किंवा मऊ कुंचला असलेली एक कांडी योनीमार्गात सरकवायची, काही वेळा फिरवायची, काढून नळीत ठेवायची आणि झाकण लावायचे. हे घरच्या मोरीत दार लावून होऊ शकते, रात्री भांडी आवरल्यावरही होऊ शकते. २०२० च्या साथीनंतर आरटी-पीसीआर हा शब्द गल्लीतल्या पोरांच्याही तोंडी बसला आहे. त्याच पद्धतीची चाचणी वापरली, तर स्त्रीने घेतलेला नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा ठरतो, असे अनेक देशांतील अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली आणि नमुना स्वतः घेण्याची मुभाही मान्य केली. तीस वर्षांनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एकदा, इतकेच तिचे मागणे आहे. नेदरलँड्सने ही सोय २०१७ पासून दिली, ऑस्ट्रेलियाने २०२२ च्या जुलैपासून सर्व स्त्रियांना हा पर्याय खुला केला.

परदेशांची नावे घेताना मात्र एक गोष्ट विसरली जाते. एचपीव्ही चाचणीने मृत्यू टळतात याचा निर्णायक पुरावा महाराष्ट्रातून, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातून गेला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये तेथे प्रयोग सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक निरोगी स्त्रियांची गावागावांनुसार चार गटांत विभागणी झाली. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाची तपासणी नाही. आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या, संख्येने थोड्या लहान गटात ६४. इतर दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. जगभरच्या धोरणांत आज उद्धृत होणारा हा निष्कर्ष परांडा-भूम-कळंबकडच्या शेतमजूर बायकांच्या अंगावर काढलेला आहे.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही १९९८ पासून असाच एक प्रयोग झाला. दीड लाख स्त्रियांचा. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी दर दोन वर्षांनी आम्ल लावून तपासणी करण्यात आली आणि मृत्यूंत ३१ टक्के घट झाली. म्हणजे तपासणीला तज्ज्ञच हवा, ही सबबही मुंबईतच निकालात निघाली होती.

या प्रयोगांवर पुढे तीव्र आक्षेप घेतले गेले. उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतील दिंडीगल अशा तीन ठिकाणच्या तपासणी न झालेल्या गटांत मिळून २५४ स्त्रिया या रोगाने मेल्या. तपासणीचा उपयोग ठाऊक असताना त्यांना केवळ आरोग्यशिक्षणावर ठेवणे नीतीला धरून होते काय, संमती घेताना त्यांना पुरते सांगितले होते काय, असे प्रश्न विचारले गेले. संशोधकांच्या बाजूने उत्तर आले की भारतात या स्त्रियांना एरवीही कोणतीच तपासणी मिळत नव्हती. तेच येथील प्रचलित प्रमाण होते. हे उत्तर खोटे नव्हते आणि त्याची लाज संशोधकांहून अधिक राज्यकर्त्यांना वाटायला हवी होती. ‘काहीच नाही’ हे ज्या देशात आरोग्यसेवेचे प्रमाण असते, तेथे असा गट तयार करावा लागत नाही, तो आयताच मिळतो. आणि निष्कर्ष हाती आल्यावर दहा वर्षांनीसुद्धा दोन टक्के स्त्रियांचीही तपासणी झालेली नसावी, याचा अर्थ तो गट कधी बरखास्तच झाला नाही.

मुंबईच्या कर्करोग नोंदणीत, जी १९६३ पासून चालू आहे, या रोगाचे प्रमाण गेल्या काही दशकांत घटत गेलेले दिसते. व्यापक तपासणी नसताना ही घट झाली. उशिरा लग्ने, कमी बाळंतपणे, घरात पाणी आणि मोरी, शिक्षण, यांचा तो परिणाम मानला जातो. पाण्याच्या नळासाठी झालेल्या मोर्चांनी कर्करोगही थोडा मागे हटवला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. पण ज्यांच्या वाट्याला नळ उशिरा आला त्यांच्या वाट्याला रोग अजून आहेच. आणि आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बायकांना मुलींच्या लसीकरणाचा उपयोग होणार नाही.

आता प्रश्न कांडीचा राहिलेला नाही. एचपीव्ही चाचणीचे देशी संच तयार आहेत. त्यांतला एक गोव्याच्या कंपनीचा, दुसरा पुण्याच्या. २०२५ साली त्यांची शास्त्रीय पडताळणी जाहीर झाली आणि ती करणाऱ्या संस्थांत परळची राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थाही होती. गोव्याच्या कंपनीची ट्रूनॅट यंत्रे क्षयरोगाच्या निदानासाठी सरकारी दवाखान्यांत वापरली जातच आहेत. भीती आहे ती वेगळीच. हा संच औषधांच्या दुकानात आणि घरपोच सेवेत विकाऊ माल म्हणून येईल, मनोऱ्यातल्या मालकीणबाई तो मागवतील, आणि त्यांच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला मात्र जनजागृतीचे पत्रक मिळेल.

शिवाय कांडीने तपासणी होते, उपचार होत नाही. उस्मानाबादेत दहा टक्क्यांच्या आसपास स्त्रियांमध्ये विषाणू सापडला होता. विषाणू सापडणे म्हणजे कर्करोग नव्हे, हे त्या प्रत्येकीला शांतपणे, तिच्या भाषेत, एकांतात सांगावे लागते. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. त्यामुळे निकालाचा कागद नवऱ्याच्या हाती पडला की घरात काय होईल, याची कल्पना बायकांना अधिकाऱ्यांपेक्षा अधिक असते. संसर्ग कितीतरी वर्षांपूर्वीचा असू शकतो, तो बहुधा पुरुषाकडूनच आलेला असतो, हे त्या नवऱ्यालाही कोणीतरी सांगायला हवे. मग तिची प्रत्यक्ष तपासणी व्हायला हवी, आणि पूर्वावस्थेतील दोष सापडला तर शंभर अंशांपर्यंत तापवलेले टोक अर्धा मिनिटभर टेकवून तो जागच्या जागी जाळता येतो. यंत्र हातात मावण्याजोगे आहे. पण ते मुलुंडच्या महापालिका रुग्णालयात आठवड्यातून एखाद्या सकाळी मिळणार असेल, तर कांडीने वाचवलेला खाडा येथे पुन्हा वसूल होतो आणि बाई निम्म्या वाटेवरून परत फिरते. नमुने किती गोळा झाले याचे फलक लावणे सोपे असते. विषाणू सापडलेल्यांपैकी किती जणींचे उपचार पूर्ण झाले, हा आकडा महापालिकेने वॉर्डनिहाय प्रसिद्ध करावा.

दारोदार कांड्या कोण पोहोचवणार, हेही ठरलेलेच आहे. महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका. ‘स्वयंसेविका’ हा शब्द ज्याने योजला त्याच्या हिशेबीपणाला दाद द्यावी लागेल. वर्षानुवर्षे मानधनावर राबवून घेतलेल्या या बायका कामगार म्हणून मान्यता मिळावी यासाठी झगडत आल्या आहेत. त्यांच्याच भरवशावर आणखी एक कार्यक्रम उभारायचा असेल, तर त्यांचे वेतन त्याच अंदाजपत्रकात धरले पाहिजे.

नाहूरपुरते बोलायचे, तर मागणी मोठी नाही. वस्तीतल्या दवाखान्यात संच मोफत मिळावा. निकाल बाईच्याच हाती जावा. पुढची तपासणी आणि उपचार आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी सात ते नऊ या वेळात व्हावेत. आणि मनोऱ्यांतल्या ज्या गृहनिर्माण संस्था कामवाल्या बायकांच्या येण्याजाण्याची फाटकावर मिनिटामिनिटाची नोंद ठेवतात, त्यांनी त्याच वहीत उपचाराच्या दिवसाची भरपगारी रजा लिहावी.