अंगणातली तुळस का वाळते?



आजचा विषय हातभर उंचीचाच आहे. तुमच्या दारातली तुळस. तिची पाने पिवळी पडू लागली, माना टाकू लागली, की घरातल्या माणसाचा जीव खालीवर होतो. भाताचे रोप आजारी पडले तर आपण कर्जतच्या भात संशोधन केंद्रात विचारायला जातो. ते केंद्र १९१९ पासून याच कामासाठी उभे आहे. पण तुळस वाळली की आपण रोग शोधत नाही, दोषी माणूस शोधतो. ही चूक किती महाग पडते, ते एका घरच्या गोष्टीवरून सांगतो.

मी शाळामास्तर. मागे एकदा श्रावणाच्या तोंडावर पेज नदीकाठच्या एका गावी एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. अंगणात नवे कोरे, फरशी बसवलेले वृंदावन होते आणि त्यात वाळलेली तुळस. घरच्या आजी म्हणाल्या, "गुरुजी, तीन रोपं लावली, तिन्ही गेली. घरात सून आली आणि तुळस गेली. आता काय ते तुम्हीच समजा." सून दाराआड उभी होती. विटाळशीपणी तिची सावली पडली असेल, असे शेजारणींनी आजींच्या मनात भरवले होते. तेव्हापासून तिला वृंदावनाजवळ जायला बंदी होती.

मी विचारले, "आजी, तिसरं रोप कधी लावलंत?"

"बंदी घातल्यावर."

"म्हणजे सुनेनं त्याला हातच लावला नाही?"

"नाही."

"मग ते कुणामुळं गेलं?"

आजी गप्प झाल्या. मी पुढे विचारले, "हे वृंदावन कधी बांधलं?" उत्तर आले, "लग्नासाठीच बांधलं की." म्हणजे सून आणि वृंदावन एकाच महिन्यात घरात आले होते. दोष मात्र एकीच्याच माथी गेला होता!

मंडळी, आजारी झाडाची तपासणी अशीच करावी. आधी विचारावे, नवीन काय घडले? जागा बदलली का, माती बदलली का, पाणी कोण आणि किती घालते? मग मातीत दोन बोटे खुपसावीत. माती कोरडी असून पाने मलूल असतील, तर झाड तहानलेले आहे. माती ओली असून पाने मलूल असतील, तर मुळे कुजत आहेत. वरून दोन्ही आजार सारखेच दिसतात, आणि इथेच माणूस फसतो. मलूल झाड पाहून तो आणखी एक तांब्या ओततो.

आम्ही ते रोप उपटले. निरोगी मूळ पांढरट आणि घट्ट असते. हे काळे, बुळबुळीत होते आणि कुजका वास येत होता. वृंदावनाला तळाशी भोकच नव्हते. जुने मातीचे वृंदावन पाणी जिरवीत असे, हे सिमेंटचे पाणी कोंडून धरत होते. त्यात आपल्या कर्जत-खालापुरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. शिवाय घरातला प्रत्येकजण भक्तीने रोज तांब्याभर पाणी घालणार, ते वेगळेच.

तुम्ही म्हणाल, भात तर पाण्यातच उभा असतो, त्याची मुळे का कुजत नाहीत? भाताच्या देठात आणि मुळात हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून वरची हवा थेट मुळापर्यंत पोचते. तुळशीला ही सोय नाही. तिची मुळे मातीच्या कणांमधली हवा घेतात. त्या जागी पाणी भरून राहिले की मुळे गुदमरतात आणि मग बुरशी त्यांचा ताबा घेते.

आता उपाय. वृंदावनाला किंवा कुंडीला तळाशी भोक हवेच. त्यावर फुटक्या कौलाचे तुकडे ठेवा. दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण भरा. ताजे शेण घालू नका. पावसाळ्यात पूजेचे पाणी पळीभर पुरे. दूध आणि दिव्याचे तेल मुळाशी जाऊ देऊ नका, आणि दिवा खोडापासून वीतभर लांब ठेवा.

मंजिऱ्या आल्या की खुडत जा. झाड बी धरण्यात शक्ती घालवते आणि पाला कमी होतो. थोड्या मंजिऱ्या मात्र बियांसाठी राखा. दोन-तीन वर्षांत तुळस जून होऊन लाकडासारखी होते, तेव्हा ती गेली तर तो अपशकुन नव्हे, तिचे वय झाले. नवे रोप आधीच तयार असावे.

पानांच्या मागची बाजूही पाहा. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसून काढा. फार झाला तर पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून घ्या, चिमूटभर साबणाचा चुरा घालून फवारा. भातावरचे विषारी औषध तुळशीवर कदापि मारू नका. तिचे पान आपल्या तोंडात जाते.

शिक्षक बंधूंनो, हा धडा वर्गात करून दाखवता येईल. दोन रिकामे डबे घ्या, एकाला तळाशी भोके पाडा, दुसऱ्याला नको. दोन्हींत सारखी माती आणि सारखी रोपे लावून रोज सारखेच, भरपूर पाणी घाला. मुलांना रोज वहीत नोंद करू द्या. काही आठवड्यांनी डबे रिकामे करून मुळे दाखवा. कारण शोधल्याशिवाय दोष देऊ नये, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

त्या घरी पुढे काय झाले? गवंड्याने छिन्नीने वृंदावनाला भोक पाडले, तेव्हा काळे पाणी कितीतरी वेळ ठिबकत राहिले. सुनेने खालापूरकडच्या आपल्या माहेराहून तुळशीच्या मंजिरी नसलेल्या, वीतभर फांद्या आणल्या. खालची पाने काढून त्या ओल्या वाळूत सावलीला खोवल्या. तीनेक आठवड्यांत मुळे फुटली.

कार्तिकात तुळशीच्या लग्नाला मला बोलावणे होते. आजी झाल्या गोष्टीविषयी चकार शब्द बोलल्या नाहीत. पाण्याचा तांब्या मात्र त्यांनी सुनेच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "अर्धाच घाल गं."