एका भिंतीचे दोन भाडेकरू

वर्धा जिल्ह्यातील सेलू येथे ज्या जुन्या वाड्यात माझा उन्हाळी मुक्काम असतो, त्याच्या पडक्या बळदात पाकोळ्यांची, म्हणजे धाकट्या वटवाघळांची, वस्ती आहे, आणि त्याच भिंतीच्या बाहेरील अंगास, शंखाच्या तोंडावर पापुद्र्याचे झाकण घालून, गोगलगाई मृगाची वाट पाहत चिकटून असतात. घरमालकाच्या दप्तरी दोघींचीही नोंद नाही. भाडे वसूल होण्याचा प्रश्नच नाही.

या पाकोळीच्या नाकावर कातडीचे पान असते, म्हणून ती पर्णनासिक. आपला नाद ती नाकपुड्यांतून सोडते, आणि ते पान त्याला दिशा देते. मनुष्याच्या कानाची हद्द सेकंदास सुमारे २० हजार कंपनांची. या कुळातील धाकट्या जातींचा नाद एक लाखाच्या वर जात असल्यामुळे, आपणांस जी रात्र नीरव भासते ती वस्तुतः मोठ्या कोलाहलाची असते. गोगलगाईस मात्र कानच नाहीत; शिंगांच्या टोकावरचे डोळे तिला उजेड-अंधाराइतकेच सांगतात, बाकीचा कारभार वासावर आणि स्पर्शावर.

या दोघींचा पंचनामा एकाच मनुष्याने केला, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. इटलीतील स्पालान्झानी या पाद्र्याने गोगलगाईंची मुंडकी छाटली असता ती पुन्हा फुटतात असे १७६८ साली जाहीर केले, तेव्हा वृद्ध व्होल्तेरनेही तो प्रयोग करून पाहिला. आणि १७९३ साली त्याच पाद्र्याने डोळे काढलेली वटवाघळे खोलीत सोडली, तो ती कोठेही न आपटता उडत राहिली. जिनिव्हाच्या ज्यूरीनने त्यांचे कान बुजविले, तेव्हा मात्र ती अडखळली. धर्मोपदेशकाचा हा दयाभाव मला कधी उमगला नाही. कानांच्या या कोड्याचा उलगडा झाला तो १९३८ साली, हार्वर्ड येथे ग्रिफिन व पिअर्स यांनी तो अश्राव्य नाद यंत्राने पकडला तेव्हा.

प्रपंचाची रीतही निराळी. १८४७ साली बेन्सन नामक गृहस्थाने मॉरिशसहून कलकत्त्यास आणलेली थोरली आफ्रिकी गोगलगाय एका खेपेस शेकडो अंडी घालते. पर्णनासिकेस वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू.

गेल्या मृगात, पहिल्या सरीनंतर, मी कंदील घेऊन ओसरीवर बसलो. झाकण फोडून निघालेली एक गोगलगाय उंबरा चढू लागली होती. ती पलीकडे उतरेपर्यंत पाकोळी अंगणातून किती वेळा गेली, हे मोजणे मी मध्येच सोडून दिले.