चार शब्दांची वाट

गोष्ट ऐकताना आपण मधेच विचारतो, 'मग पुढे काय झालं?' सांगणारा म्हणतो, 'थांबा जरा.' हे थांबणं कितीसं असावं? एक रात्र, किंवा साप्ताहिकातली क्रमशः कादंबरी असली तर फार तर वर्षभर. आज मी आपल्याला ज्या वाचकांविषयी सांगणार आहे, ते वीस वर्षांहून अधिक काळ थांबले.

अमेरिकेतील रिच बर्ल्यू या चित्रकाराने २००३ साली 'दि ऑर्डर ऑफ द स्टिक' ही चित्रकथा सुरू केली. ती कागदावर नव्हे, संगणकाच्या पडद्यावर निघू लागली. चित्रे अगदी साधी; वाटोळे डोके आणि काड्यांचे हातपाय, लहान मुलाने पाटीवर काढावीत तशी. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा फाशांचा खेळ १९७४ साली निघाला. त्याच्या नियमांची थट्टा करीत ही कथा सुरू झाली, आणि मग थट्टा करता करताच गंभीर होत गेली. नवा भाग ठराविक वारी येत नाही. तयार झाला की येतो. तोवर वाचकांनी करायचं काय? तर्क!

कथेत एक भविष्यवेत्ता आहे. उत्तर खरं देतो, पण असं की ऐकणाऱ्याचा घात व्हावा. ड्युर्कन नावाच्या धर्मोपदेशकाला तो सांगतो, 'तू मायदेशी जाशील, पण मेल्यावर.' हा भला माणूस खूष होतो, की चला, निदान पूर्वजांशेजारी माती तरी मिळेल! पुढे तो मरतो, रक्तपिपासू पिशाच होतो आणि त्या अवस्थेत मायदेशी जातो.

वार्सुव्हियस या जादूगारांचं भविष्य याहून गंमतीचं. ('जादूगारांचं' हे मी जाणूनबुजून म्हणतो आहे. ते पुरुष की स्त्री, हे लेखकाने कधीच उघड केलेलं नाही. इंग्रजीत हे निभतं. आपल्या मराठीत 'आला' की 'आली' इथेच पंचाईत.) योग्य वेळी, योग्य व्यक्तीपाशी, पण सर्वस्वी चुकीच्या कारणांसाठी चार शब्द उच्चारले की यांना अमर्याद शक्ती मिळणार. कोणते चार शब्द? वाचकांनी तर्कांचे ढीग रचले. अखेर ते शब्द आले तेव्हा त्यांत मंत्र नव्हता, तंत्र नव्हतं. यश मिळवलंच पाहिजे, एवढाच त्यांचा अर्थ. आणि अडखळत दोनदा उच्चारलेला 'मी' दोनदा मोजला तरच ते चार होतात! स्वतःचं कुटुंब संकटात असताना, दुसरी वाट समोर असूनही, केवळ अहंकारापोटी तिघा सैतानांशी केलेला तो सौदा होता. कोडं म्हणून जे इतके दिवस सोडवलं, ते एका माणसाचं अधःपतन निघालं.

या मंडळींची दुसरी हौसही सांगायला हवी, ती म्हणजे जुने विनोद. जिथे हा खेळ आणि अशा कथा, तिथे 'मॉन्टी पायथन' हे ठरलेलंच. बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर १९६९ ते १९७४ या काळात या ब्रिटिश विनोदवीरांनी धुमाकूळ घातला. गिऱ्हाईक मेलेला पोपट दुकानदाराकडे परत आणतं आणि दुकानदार ठासून सांगतो, की तो मेला नाही, विश्रांती घेतो आहे! १९७५ च्या त्यांच्या चित्रपटात राजा आर्थरला घोडाच नाही. मागून नोकर नारळाच्या करवंट्या आपटून टापांचा आवाज काढतो. या विनोदाचं अर्धं वाक्य एकाने टाकावं, उरलेलं दुसऱ्याने पुरं करावं. शेवट सर्वांना पाठ असतो, तरी हसू येतंच. 'बटाट्याची चाळ' तोंडपाठ असलेल्यांच्या बैठकीत आपण बसला असाल, तर मी काय म्हणतो ते ध्यानात येईल.

एकीकडे शेवट कुणालाच ठाऊक नाही अशी कथा, दुसरीकडे शेवट सर्वांना ठाऊक असा विनोद, आणि माणसं तीच! मला वाटतं, पहिलीची वाट पाहण्याचं बळ दुसऱ्यातून येत असावं.

कारण वाट पाहणं सोपं नव्हतं. २०१२ साली एक जुना खंड पुन्हा छापण्यासाठी बर्ल्यूने वाचकांकडे वर्गणी मागितली. गरज होती ५७,७५० डॉलरांची. जमले साडेबारा लाखांवर. त्याच वर्षी त्याच्या हाताला गंभीर दुखापत झाली आणि कथा थांबली. पैसे देऊन झाले होते, प्रेम होतं, तर्कही होते. पण रेघ ओढणारा हात एकच. वाचकांना थांबावं लागलं. हात बरा झाल्यावर कथा पुन्हा चालू लागली.

आता उरला बेल्कार. हा बुटका, चाकू चालवणारा, मोठा दुष्ट आणि तरीही वाचकांचा लाडका. वर्ष संपण्याआधी तो अखेरचा श्वास घेईल, असं भविष्य आहे. वाचक एकेका शब्दावर शास्त्र्यांसारखे वाद घालतात. श्वास थांबला म्हणजे मेलाच का? पिशाच झाला तर श्वास कुठला? की पोपटासारखा विश्रांती घेईल? कथेतला एक दिवस रेखाटायला कधी कधी महिनेच्या महिने लागतात. २०२३ साली कथेला वीस वर्षे झाली, वाचकांच्या डोक्यावरचे केस पिकले. पण कथेतलं ते एक वर्ष काही संपलं नव्हतं, आणि बेल्कार श्वास घेत होता.