पत आणि बाजारपेठ
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठीचा अध्यापक अर्थकारणावर काय बोलणार, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. परंतु अर्थव्यवहाराचा पाया असलेला ‘पत’ हा शब्द माझ्याच विषयाच्या हद्दीतला आहे. कर्ज फेडण्याची ऐपत आणि समाजातला विश्वास, हे दोन्ही अर्थ आपल्या भाषेने या दोन अक्षरांत साठविले आहेत. त्यातला दुसरा अर्थ निसटला की पहिल्याचे काय होते, हे आल्बेनिया या चिमुकल्या डोंगराळ देशाच्या उदाहरणाने मांडावे, असा मानस आहे.

ॲड्रियाटिक समुद्राकाठच्या या देशात १९४४ पासून १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत एन्व्हर होजा यांची एकछत्री सत्ता होती. युगोस्लाव्हिया, सोव्हिएत संघ आणि चीन या मित्रांशी त्यांनी क्रमाक्रमाने फारकत घेतली. १९७६ च्या राज्यघटनेने परदेशी कर्ज आणि भांडवल निषिद्ध ठरविले. खाजगी मोटार बाळगण्यासही मनाई होती. घरांसाठी लागणारे सिमेंट आणि लोखंड डोंगरउतारांवरील असंख्य बंकरांत गेले. ज्याच्यासाठी ते बांधले तो शत्रू कधी आलाच नाही.

१९९१ मध्ये ही व्यवस्था ढासळली. कारखाने थंडावले. ऑगस्टमध्ये सुमारे वीस हजार माणसे एकाच जहाजातून इटलीच्या बारी बंदरात पोहोचली. त्याआधी जुलैमध्ये जमिनीचा नवा कायदा होऊन सामूहिक शेतीची जमीन कुटुंबांना वाटण्याचे ठरले होते. त्याच जुलैत आपल्याकडेही उदारीकरणाचा अर्थसंकल्प मांडला गेला, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. १९९२ मध्ये बहुतेक वस्तूंचे भाव खुले झाले. त्या वर्षी महागाईने दोनशे टक्क्यांची मजल ओलांडली, पण पुढे ती आटोक्यात आली. ग्रीस आणि इटलीत मजुरीला गेलेली मुले घरी पैसे धाडू लागली आणि सुधारणांचा यशस्वी नमुना म्हणून या देशाचे कौतुक होऊ लागले.

हा पैसा ठेवायचा कोठे? सरकारी बँका बुडीत कर्जांनी पोखरलेल्या होत्या. त्या पोकळीत ठेवी गोळा करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. नव्या ठेवीदाराच्या पैशातून जुन्याचे व्याज भागविणे हाच बहुतेकींचा धंदा होता. १९९६ च्या अखेरीस काही कंपन्या महिन्याला तीस टक्क्यांपर्यंत व्याज देऊ करीत होत्या. लोकांनी घरे विकली, शेतकऱ्यांनी गुरे विकली. आंतरराष्ट्रीय संस्थांनी इशारे दिले, परंतु सरकार वेळेवर हलले नाही. जानेवारी १९९७ मध्ये डोलारा कोसळू लागला. या कंपन्यांची देणी देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या घरात होती. मार्चमध्ये शस्त्रागारे लुटली गेली. त्या वर्षीच्या हिंसाचारात सुमारे दोन हजार माणसे प्राणास मुकली.

त्या लोकांना लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्यांना पंचेचाळीस वर्षे खाजगी भांडवलाची ओळखच होऊ दिली नाही, त्यांनी व्याज आणि फसवणूक यांतला फरक कोणाकडून शिकावा? भाव एका आदेशाने खुले करता येतात. स्वतंत्र न्यायालय, बँकांची तपासणी आणि चोख हिशेबतपासणी यांना मात्र वर्षे लागतात. सुधारणांची पहिली बाजू धावली, दुसरी मागे राहिली.

आणि आपण तरी कोठे वेगळे आहोत? ‘दामदुप्पट’ हा आपला जुना शब्द पाहा. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये, असा ऋणकोला संरक्षण देणारा तो नियम होता. आज तोच शब्द ठेवीदाराला भुलविणाऱ्या जाहिरातीत दिसतो. शब्दाचा असा अर्थपालट होतो, तेव्हा समाजाची सावधगिरीही झिजलेली असते.

आल्बेनिया पुढे सावरला. २०१४ मध्ये त्याला युरोपीय संघाच्या सदस्यत्वाचे उमेदवारपद मिळाले आणि २०२२ मध्ये प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू झाल्या. पण बुडालेल्या ठेवींतून घर गमावलेल्यांच्या आयुष्यातली ती वर्षे परत आली नाहीत.

ग्रंथालय अनोळखी वाचकाच्या हाती पुस्तक देते, तेव्हा त्याला पतच देते. मात्र त्याची नोंदही ठेवते. विश्वास आणि नोंद यांची ही जोडी शंभर वर्षे टिकली म्हणून आज आपण येथे जमलो आहोत. तेव्हा सभासदांना माझी एकच विनंती आहे. वार्षिक सभेत ताळेबंद हाती पडला की तो घडी घालून खिशात टाकू नका. वाचा, आणि न समजलेला आकडा उभे राहून विचारा. येथे लागलेली ही सवय पतपेढीत आणि बँकेतही आपल्या उपयोगी पडेल.